दारापासून सुरुवात करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. जाहीरपणे नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नुसतं 'सर'.

विषारी रसायनानं भिजलेले रुग्ण कसे सांभाळायचे, या प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तुम्ही वॉचमन, वॉर्डबॉय आणि मावशींना पुढच्या रांगेत बसवलंत, तेव्हा आमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मग तुम्ही टोकियोचं सांगितलंत. २० मार्च १९९५ रोजी मेट्रोत सारिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष सोडलं गेलं आणि एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० जण आले. कुणी चालत, कुणी टॅक्सीनं, अंगावर तेच कपडे घालून. त्या कपड्यांतून सुटणाऱ्या वाफेनं तिथल्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. रुग्ण अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत नाही आणि त्याला सगळ्यात आधी बघतो तो वॉचमन, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

परवा कीटकनाशकाचा ड्रम फुटून चिंब भिजलेले तिघे टेम्पोतून थेट कॅज्युअल्टीच्या दारात उतरले. आमच्या वॉचमननी त्यांना लांबूनच हाक मारून बाहेरच्या शॉवरकडे वळवलं. सोबतचे नातेवाईक भडकले, आत घ्या म्हणून आरडाओरडा झाला, पण गडी हलला नाही. मावशी आणि वॉर्डबॉय रेस्पिरेटर म्हणजे विषारी वाफ गाळणारा मुखवटा, जाड रबरी हातमोजे घालून तयार झाले. (साध्या मास्कनं वाफ अडत नाही, हे आता मावशीच नव्या डॉक्टरांना ऐकवतात!) शर्ट डोक्यावरून न ओढता समोरून कात्रीनं कापला, म्हणजे तोंडा-डोळ्यांना लागायला नको. कपडे दुहेरी पिशवीत बांधून बाजूला. मग साबण आणि भरपूर कोमट पाणी. केस, कानामागं, नखांत, जांघेत. घासायचं नाही, चोळायचं नाही.

तिघांपैकी एकाच्या तोंडाला फेस होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. आधी धुवायचं की आधी औषध, यावर आम्ही तुमच्याशी किती वाद घातला होता! तुम्ही म्हणाला होतात, दोन्ही एकदमच. रेस्पिरेटर घातलेल्या सिस्टरनी शॉवरखालीच अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, दिलं आणि पुढचे डोस बाहुल्यांकडे न बघता छातीतली घरघर थांबेपर्यंत चालू ठेवले.

तिघंही बरे होऊन घरी गेले. आमच्यापैकी कुणाला साधी मळमळसुद्धा झाली नाही. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. या सगळ्या साहित्याच्या कपाटाची किल्ली कॅज्युअल्टीच्या टेबलालाच बांधून ठेवायचा तुमचा हट्ट तेव्हा जरा अतीच वाटला होता. त्याचे वेगळे आभार.

रेस्पिरेटरच्या दोन फिल्टरांची मुदत संपत आली आहे, नवीन मागवलेत. रात्रपाळीच्या वॉचमनचा सराव मात्र अजून बाकी आहे. तेवढ्यासाठी कधी येताय, ते कळवा.

आपली,
कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर