कपाने मोजलेलं सिरप 'कित्येक महिने' टिकत नाही हो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी घरच्या घरी कॉफीसाठी व्हॅनिला सिरप कसं करायचं ते आलं होतं. एक कप साखर, एक कप पाणी, उकळा, इसेन्स घाला, बाटलीत भरा, संपलं. कृती खरंच सोपी होती आणि चवही मस्त आली, त्याबद्दल लिहिणाऱ्या ताईंचे आभारच मानते. माझं भांडण फक्त शेवटच्या ओळीशी आहे, 'हे सिरप कित्येक महिने टिकतं' या ओळीशी, कारण माझं एकविसाव्या दिवशी गेलं.

बाटली ओट्यावरच होती, फ्रिजमध्ये ठेवा असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्या दिवशी सकाळी झाकण फिरवलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखा फुस्स आवाज झाला आणि मानेपाशी फेस आला. वास घेतला तर आधी व्हॅनिला आणि मागून आंबूस, थोडासा दारूसारखा. तरी जीव होईना टाकायला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली तर तळापासून बारीक बारीक बुडबुडे एका रांगेत वर चाललेले, शांतपणे, जसं काही घर त्यांचंच आहे. मग सिंकमध्ये ओतली. नंतर कळलं की नशीब मी ती आणखी आठवडाभर घट्ट बंद ठेवली नाही, आत यीस्ट गॅस करत राहतं आणि काचेची बाटली त्या दाबाने फुटूही शकते.

आता असं का झालं ते शोधायला बसले. साखर म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण ते अर्धंच खरं आहे. साखर पाण्याला धरून ठेवते, जंतूंना ते वापरू देत नाही, असा तो सगळा खेळ असतो. पण त्यासाठी साखर पुरेशी हवी, कमी पडली तर तीच यीस्टचं जेवण होते. आणि इथेच कपाचा घोळ आहे. मी माझाच कप काट्यावर ठेवून बघितला, साखर भरली २०० ग्रॅमच्या आसपास, तोच कप पाण्याने भरला तर २४० ग्रॅम. म्हणजे आपण म्हणतो 'समान', पण वजनाने बघितलं तर त्यात साखर जेमतेम ४५ टक्के. वजनाने समान घेतलं तर ५० टक्के, आणि साखर दुप्पट घेतली, म्हणजे ५०० ग्रॅम साखरेला २५० ग्रॅम पाणी, तर साधारण ६७ टक्के. ही जवळजवळ हद्दच झाली, कारण साध्या खोलीतल्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर साधारण २०० ग्रॅमच विरघळते. एवढ्या साखरेत बहुतेक बॅक्टेरियांचं काही चालत नाही, बुरशी आणि काही हट्टी यीस्ट मात्र तिथेही निभावून नेतात, म्हणून दाट असलं तरी सिरप फ्रिजमध्येच ठेवायचं.

वजनाने समान केलेलं सिरप मी फ्रिजमध्ये ठेवून महिन्याच्या आत संपवते, दाट केलेलं तीन महिन्यांपर्यंत ठेवते. आणि फ्रिजच्या दारात नाही ठेवत, दार सारखं उघडतं त्यामुळे ती जागा सगळ्यात कमी गार असते, आत मागच्या बाजूला ठेवते.

पण दाट सिरपचीही एक खोड असते, गारव्यात साखर कमी विरघळते त्यामुळे तळाला कण बसतात. आमच्या जाऊबाईंनी तर 'जास्त टिकावं' म्हणून चांगलं एकतारी होईपर्यंत उकळलं, दुसऱ्या दिवशी बाटलीच्या बुडाला चक्क खडीसाखर! आणि गंमत अशी की साखर खाली जाऊन बसली की वरचं सिरप उलट पातळ होतं, म्हणजे टिकण्याच्या नावाने केलेलं काम टिकण्याच्याच मुळावर येतं. साखर विरघळली, एक उकळी आली की गॅस बंद, पाक करायचाच नाही. चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड घातलं तर थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि मग कण सहजासहजी धरत नाहीत. चिमूटभरच हं, आंबटपणा जास्त झाला तर दुधाच्या कॉफीत दूध फाटतं आणि मग सिरपला शिव्या बसतात.

दुसऱ्या वेळी मी सगळं वजनाने केलं, फ्रिजमध्ये ठेवलं, तरी दीड महिन्याने मानेपाशी पांढरा ठिपका दिसला. फक्त तिथेच, खाली सगळं स्वच्छ. खूप डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं की मी अर्धीच बाटली भरली होती, गरम सिरप ओतून लगेच झाकण लावलं होतं. वाफेचे थेंब वर झाकणाला धरले आणि गार होताना परत सिरपवर पडले, म्हणजे वरचा एक पातळ थर पाण्यासारखा झाला आणि बुरशीला तेवढंच पुरलं. आता मी बाटली गळ्यापर्यंत भरते आणि गार झाल्यावर दोन-तीनदा उलटसुलट करते म्हणजे थेंब सिरपमध्ये मिसळून जातात. एवढीशी गोष्ट, पण कुठल्या कृतीत वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

बाटलीचं म्हणाल तर काचेची, दहा मिनिटं पाण्यात उकळलेली, उपडी ठेवून आपोआप वाळलेली. ओट्यावरच्या फडक्याने आतून पुसायची नाही, त्या फडक्यावर काय काय असतं ते आपणच जाणतो. गरम सिरप गार बाटलीत ओतलं तर काच तडकते, म्हणून बाटलीही कोमटच हवी. लोणच्याच्या नाहीतर सॉसच्या जुन्या बाटलीचं झाकण वापरू नका, काच धुऊन निघते पण झाकणाच्या आतल्या रबराचा वास सात पाण्यांनी जात नाही. आणि ओला चमचा आत घालणाऱ्या माणसाला घरात शोधून काढा, प्रत्येक घरात एक असतोच.

फ्लेवरचं थोडक्यात सांगते. इसेन्स गॅस बंद केल्यावर, उकळत्यात घातलं तर सुगंध वाफेबरोबर घरभर जातो आणि कॉफीत काहीच उरत नाही. दालचिनी घालायची तर काडी, पावडर नको, पावडरचं सिरप दोन दिवसांत बुळबुळीत होतं, तार सुटते. हेझलनट खरे भाजून घातले तर त्यांचं तेल वर तरंगतं आणि काही दिवसांनी खवट वास मारतं, त्यापेक्षा मी सरळ इसेन्स घालते. फळाचा गर घातलात तर पाणीही वाढलं आणि चोथाही आला, ते आठवड्याभरात संपवायचं नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं. दूध किंवा क्रीम घातलेलं तर तीन-चार दिवसच, त्याला सिरप म्हणण्यापेक्षा दूधच समजा. कॅरमल करणार असाल तर जळत्या साखरेवर गार पाणी ओतू नका, ती १६० डिग्रीच्या वर गेलेली असते, पाणी पडताच भडका उडाल्यासारखं उसळतं. गरम पाणी, थोडं थोडं, हात लांब ठेवून, आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढून.

आमच्या सासऱ्यांना डायबेटिस, म्हणून शुगर-फ्रीचाही प्रयोग झाला. तेव्हा कळलं की गोडीच्या थेंबांनी चव येते पण टिकाऊपणा येत नाही, साखरच नाही तर पाण्याला धरून ठेवणार कोण? ते म्हणजे वासाचं पाणीच. फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे नाही.

कोणी म्हणेल की दुकानातली बाटली तर बाहेरच राहते आणि तिला काही होत नाही. लेबल वाचा, पोटॅशियम सॉर्बेट, सोडियम बेंझोएट, सायट्रिक अ‍ॅसिड यातलं काहीतरी बहुतेकदा असतं. मला त्याचं वावडं नाही, पण घरी अंदाजाने घालायची ती वस्तू नाही, किलोला एखादा ग्रॅम असा तिचा हिशोब असतो आणि आपल्या ओट्यावरचा काटा एक ग्रॅम कुठला नीट दाखवतोय. शिवाय बेंझोएट आंबट वस्तूतच काम करतं, व्हॅनिलाच्या गोडमिट्ट सिरपमध्ये घालून फारसा उपयोग नाही.

आणि एक, दाट सिरप केलं की ओतायचा हातही बदलायला हवा, हे आम्ही विसरलो आणि दोन दिवस सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. समान वजनाच्या सिरपमध्ये १५ मिलीला ९ ग्रॅम साखर येते, दाटमध्ये १३. म्हणजे कोल्ड कॉफीच्या एका ग्लासात दोनदा ओतलं की २६ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. सासूबाईंना हा आकडा सांगितल्यापासून त्या बाटलीकडे संशयाने बघतात.

तर विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी कृती छापताना साखर-पाणी ग्रॅममध्ये द्या, फ्रिजमध्ये ठेवा की बाहेर आणि किती दिवस ते स्पष्ट लिहा, आणि बिघडलं हे कशावरून ओळखायचं याला दोन ओळी द्या. आणि जमलं तर कमी प्रमाणाची कृती द्या. मी आता १०० ग्रॅम साखरेला १०० ग्रॅम पाणी एवढंच करते, त्याचं दीडशे मिलीच्या थोडं वर सिरप होतं, रोज एक कप पिणाऱ्याला दहा-अकरा दिवस पुरतं आणि बिघडायला वेळच मिळत नाही. बाटलीवर तारखेची चिकटपट्टी लावते, पेनाने नाही, पेन्सिलीने लिहिते, ओल्या हाताने शाई पसरते.

त्या 'कित्येक महिने'ची दुरुस्ती एखाद्या कोपऱ्यात छापलीत तरी चालेल.

कळावे,
आपली एक नेहमीची वाचक