अभ्या, कार्डाचं तेवढं सांग

अभ्या,

फोन उचलत नाहीस म्हणून इथे टाईप करतोय, मोठं होईल, ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर वाच. रविवारी मनालीसमोर त्या कोर्सच्या पैशांवरून मी तुला अक्कल गहाण टाकलीस म्हणालो ते चुकलं. तुझी आई तेव्हापासून बोलत नाहीये, चहा समोर आपटते नि जाते. डबाही राहिला तुझा, घावन फुकट गेले.

काल सुमी म्हणाली की तू पैसे परत मागितलेस आणि आता ते लोक फोनच घेत नाहीत. मला वाटलेलं आपलं खरं झालं तर बरं वाटेल. नाही वाटलं रे.

तू अंधेरीच्या त्या हॉटेलातलं सांगत होतास तेव्हा मी ऐकूनच घेतलं नाही, रात्री मात्र सगळं डोळ्यासमोर येत होतं. फुकट सेशन, एसी हॉल, ढणाढणा गाणी, उभं राहून टाळ्या, मग आजच भरलं तर ७५ हजारांचा कोर्स ३५ ला, आणि मागे टेबलावर कार्डाचं मशीन घेऊन पोरं तयार. तू घरी विचारतो म्हणालास तर तो माइकवरून म्हणाला बायकोला विचारणारे जन्मभर भाड्याने राहतात. अरे तिथेच उठायचं ना! असो, लेक्चर नको.

पण क्रेडिट कार्डाचं काय केलंस? तिथे बसल्या बसल्या लिमिट वाढवून घेतलंस म्हणे. बिलातलं नुसतं मिनिमम भरत राहू नकोस, महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४० च्या घरात जातं. बँकेला आजच लेखी कळव, डिस्प्यूट टाक, म्हणजे हा खर्च मान्य नाही असं कळव, फोनवर बोललेलं कोणी धरत नाही. आणि तू म्हणत होतास तो नेरळचा प्लॉट, त्याच्या प्रोजेक्टचा नंबर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर टाकून बघितलास का? रजिस्टर प्रोजेक्ट असेल तर ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत त्यांना. आणि शेतजमीन निघाली तर आपल्याला घेताच येणार नाही, शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि सातबारा नानाकाकाच्या नावावर गेला तेव्हाच आपलं ते संपलं. बघ, परत सुरू झालो मी. सॉरी.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. १९९४ ला मी पण असाच एका हॉलमध्ये बसलो होतो, दादरला. सागवानाची स्कीम. एक रोप हजार रुपये, वीस वर्षांनी लाख. पडद्यावर झाडं दाखवली, समोसा दिला, शेजारच्याने पाच रोपं लिहिली म्हणून मी वीस लिहिली. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. दोन वर्षांनी ऑफिसला गेलो तर शटर खाली आणि बाहेर माझ्यासारखीच दहा-बारा माणसं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तू दुसरीत होतास, विचारलं होतंस आईच्या हाताचा आवाज का येत नाही. सुमीच्या लग्नासाठी ठेवल्यात म्हणून सांगितलं तुला. तिच्या लग्नात तू परत विचारलंस तेव्हा मी केटररवर ओरडायला निघून गेलो.

सर्टिफिकेट अजून ट्रंकेत आहे, तुझ्या प्रगतिपुस्तकांखाली. आईने इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. आणि मी तुला चारचौघांत!

डोंबिवलीचं घर तू स्वतःच्या पगारावर घेतलंस, माझ्याकडून एक रुपया नाही, हे मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगतो, तुला कधी सांगितलं नसेल. आता ते घर या कार्डापायी अडकू नये एवढंच.

खरा आकडा मनालीला सांग आधी, मग मला. पोस्टातली एफडी मार्चमध्ये सुटतेय, आईला विचारून काढू.

शनिवारी ये. घावन करायला सांगतो, बोलायला लागली तर.

बाबा