खिमा आता घरीच काढायचा

ती. आई आणि अण्णा,
सा. न. वि. वि.

खिमा काढायचं यंत्र परवापर्यंत घरी पोचेल. विचारलं असतं तर "कशाला तो खर्च" म्हणून तुम्ही दोघांनी मोडता घातला असता, म्हणून आधी मागवलं आणि आता कळवतेय. आजपासून दुकानातून काढलेला खिमा आणायचा नाही.

अण्णा, चाचांवर अविश्वास नाही हो. त्यांचं मटण ताजंच असतं. पण अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूलाच असतात आणि कढईचा चटका बसला की मरतात. खिमा केला की तेच आतपर्यंत मिसळतात. शिवाय यंत्र मधे धुतलं नसेल, तर आधीच्या गिऱ्हाइकाचंही थोडं आपल्या पिशवीत येतं.

अमेरिकेत 1993 मध्ये अर्धवट शिजलेल्या बीफच्या खिम्यामुळे 700 हून जास्त लोक आजारी पडले आणि 4 मुलं दगावली. जंतू होता ई. कोलाय ओ157:एच7. तो गुरांच्या आतड्यात असतो, तसा शेळ्या-मेंढ्यांच्याही असू शकतो. जनावराला त्रास होत नाही, माणसाच्या मात्र मूत्रपिंडापर्यंत त्याचं विष पोचू शकतं. लहान मुलांना आणि वयस्करांना धोका जास्त. अण्णांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा, ठाऊक असताना मी गप्प कशी बसू? घाबरू नका, रविवारचा खिमा बंद होणार नाही. तोच काळा मसाला, तीच कळण्याची भाकरी.

आई, मांडीचं बिनहाडाचं मटण आणायला सांग. इंचभर तुकडे करून 20 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेव. घट्ट झाले की पातं स्वच्छ कापतं, नाहीतर चरबी लगदा होऊन जाळीत अडकते. मटण नळाखाली धुऊ नकोस, शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. आणि त्याच विळीवर लगेच कांदा-काकडी चिरणं आता बंद. कच्च्या मटणाचा पाणीअंश कोशिंबिरीत गेला, तर पुढे कितीही शिजवून उपयोग नाही, कारण कोशिंबीर कुणी शिजवत नाही. भाजीला वेगळी सुरी पाठवलीय, हिरव्या मुठीची.

रस्स्यात रटरटलेल्या खिम्याची मला फार काळजी नाही. काळजी गोळ्यांची आणि कबाबांची, बाहेरून खरपूस आणि आत कच्चे. रंगावर जाऊ नकोस, खिमा कधीकधी पुरेसा तापायच्या आधीच तपकिरी होतो. सोबत सळईचा थर्मामीटर आहे, तो गोळ्याच्या मधोमध खुपस. 71 अंश आले की झालं. आणि मीठ बघायला कच्चा गोळा जिभेवर ठेवायचा नाही. लहानपणी मला पहिला घास तूच भरवायचीस, त्याची चव अजून आठवते, पण आता चिमूटभर खिमा तव्यावर भाजून घे आणि मग चाख.

उरलेलं झाकून ओट्यावर ठेवू नका. शिजवूनही काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची उष्णता सोसणारी सुप्त रूपं, जगतात आणि कोमट पातेल्यात वाढतात. एरवी 2 तास चालतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात, 32 अंशांच्या वर, 1 तासाच्या आत फ्रिजमध्ये. मोठं पातेलं आतून लवकर निवत नाही, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेव. फ्रिज 4 अंशांवर हवा. कच्चा खिमा सगळ्यात खालच्या कप्प्यात, फार तर 2 दिवस. वीज गेली तर दार उघडू नका, 4 तासांपर्यंत गारवा टिकतो.

अण्णा, जुलाबात रक्त दिसलं तर मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणायची नाही, घरात उरलेली अँटिबायोटिकही घ्यायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लघवी कमी होतेय का ते त्यांना सांगा. मला रात्री-अपरात्री फोन केलात तरी चालेल, झोपमोड होईल म्हणून थांबू नका.

यंत्राची पाती वापरल्यावर लगेच सुटी करून गरम साबणपाण्यात घासा आणि पुसून वाळवा. जोडायला अवघड गेलं तर व्हिडिओ कॉल करा, मी सांगते.

तुमची,
ताई