संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर ऑनलाइन सल्ला बरे असताना घ्या

मा. संपादक,
स. न.

लघवीची जळजळ, काखेतली गळवे, जांघेतला नायटा, सुजलेला घसा. तोच त्रास तिसऱ्या-चौथ्यांदा झाला की दवाखान्यात जायचा कंटाळा येतो आणि माणूस ऑनलाइन सल्ला घेतो. पलीकडून प्रश्न येतो, ‘मागच्या वेळी कशाने बरे वाटले होते?’ नाव सांगितले की तेच औषध पुन्हा लिहून मिळते. दोन-चार दिवसांत उतार पडतो आणि थोड्या दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. औषध बरोबर होते का, मुळात तो जंतुसंसर्गच होता का, हे प्रश्न तसेच राहतात.

अशा दुखण्यात ऑनलाइन सल्ल्याचा खरा उपयोग दुखणे अंगावर असताना कमी आणि दोन दुखण्यांच्या मधल्या काळात जास्त आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते. ‘आत्ता काय झाले आहे’ हे ठरवायला हात लावून तपासावे लागते किंवा नमुना लागतो. ‘पुन्हा पुन्हा का होते’ हे ठरवायला लागतो तारीखवार इतिहास, जुने रिपोर्ट आणि वीस-पंचवीस मिनिटांचे निवांत बोलणे. घरी फाइल आणि औषधांच्या पट्ट्या हाताशी असतात, त्यामुळे गर्दीच्या ओपीडीपेक्षा हे काम व्हिडिओ कॉलवर चांगले होते.

कॉलच्या आधी एका कागदावर प्रत्येक वेळचा त्रास वेगवेगळा लिहावा. कोणत्या तारखेला सुरू झाला, ताप थर्मामीटरवर किती भरला, कोणते औषध किती मिलिग्रॅमचे, दिवसातून कितीदा, किती दिवस घेतले आणि कितव्या दिवशी बरे वाटले. तपासणी केली असेल तर ती पहिल्या गोळीच्या आधी की नंतर, हेही लिहावे. पुढचा निर्णय या आकड्यांवरच ठरतो. सहा महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचा विचार सर्वसाधारणपणे वर्षात ७, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घसा आल्यावर होतो. तेही त्या त्या वेळी ताप, टॉन्सिलवरचा पू, मानेतल्या गाठी किंवा घशाच्या स्वॅबचा रिपोर्ट अशी नोंद असेल तर. ‘वर्षभर घसा धरलाय’ एवढ्यावर काहीच ठरत नाही.

तारखांवरून आणखी एक गोष्ट कळते. औषधाचा कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला, तर तो पुरता गेलाच नव्हता. औषध लागू पडले नसेल, किंवा मुतखडा असेल, किंवा लघवी झाल्यावरही मूत्राशयात लघवी शिल्लक राहत असेल. अशा वेळी लघवीच्या आधी आणि नंतर सोनोग्राफी करायला हवी. काही महिन्यांनी वेगळा जंतू निघाला, तर तो बहुधा नवा संसर्ग असतो आणि त्याच्या प्रतिबंधाचा विचार वेगळा होतो.

लघवीच्या कल्चरबद्दल, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीबद्दल, सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधीच घ्यायचा. एक डोस पोटात गेला तरी बऱ्याचदा जंतू वाढत नाहीत, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि त्रास कशाचा होता हे त्या वेळेपुरते कायमचे निसटते. आधी हात धुवावेत, जागा साध्या पाण्याने स्वच्छ करावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. डबी दोन तासांत लॅबला पोहोचली पाहिजे. ते शक्य नसेल तर फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी आणि २४ तासांच्या आत द्यावी. बाहेर राहिलेल्या डबीत जंतू तासागणिक वाढतात आणि आकडा खोटा फुगतो. रिपोर्टमध्ये तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र आले, तर नमुना बहुतेक त्वचेच्या संपर्काने खराब झालेला असतो. तो पुन्हा द्यावा, त्यावर औषध सुरू करू नये. काहीच त्रास नसताना ‘सहज’ कल्चर करून निघालेल्या जंतूंवरही औषध देत नाहीत. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचा काळ हे मुख्य अपवाद. उलट जळजळ आहे आणि नीट घेतलेले कल्चर दोन-तीनदा कोरे आले, तर जंतूंचा नाद सोडून दुसरे कारण शोधायला हवे.

बरे असतानाच्या कॉलवर प्रतिबंधाचे बरेच काही ठरवता येते. मुळात पाणी कमी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्यायल्यास मूत्रमार्गाचे संसर्ग कमी होतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी विचारावे. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो, आणि हे त्यांना फार क्वचित सांगितले जाते. चालू औषधांची पूर्ण यादी वाचून दाखवावी. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. यादी विचारलीच नाही, तर मलमावर मलम बदलत बसावे लागते. अंगावरून पांढरे जाणे आणि खाज यांचा अंदाज कॅमेऱ्यावरून बांधूच नये. बुरशी, जिवाणू आणि साधी अ‍ॅलर्जी यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. वारंवार होत असेल तर स्वॅब हवाच.

त्वचेच्या बाबतीत मात्र फोटो खूप काही सांगतो, नीट काढला तर. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर बंद करून, एक हातभर लांबून आणि एक वीतभर अंतरावरून घ्यावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. सावळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे जागा हाताला गरम लागते का, दाबल्यावर दुखते का, हे शब्दांत लिहावे. लाली पसरत असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहावी. नाजूक जागेचा फोटो डॉक्टरांनी मागितल्याशिवाय पाठवू नये, आणि तो कुठे साठवला जातो हे विचारायला संकोच करू नये.

काख, जांघ, स्तनांखाली किंवा नितंबांवर ठरावीक जागीच गळवे येत असतील, जोडीने काळे ठिपके आणि जुने व्रण दिसत असतील, तर तो साधा जंतुसंसर्ग नसून हिड्राडेनायटिस, म्हणजे केसांच्या मुळांशी होणारा त्वचेचा जुनाट दाह, असू शकतो. त्यावर अँटिबायोटिकचे छोटे कोर्स देत राहिल्याने वर्षे वाया जातात आणि व्रण वाढतात. खरीच गळवे असतील तर पुवाचे कल्चर आणि रक्तातली साखर पाहावी. स्टॅफिलोकोकस हा गळवे करणारा जंतू निघाला, तर नाकात म्युपिरोसिन मलम दिवसातून दोनदा आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ असा पाच दिवसांचा उपचार डॉक्टर देतात. टॉवेल आणि चादरी वेगळ्या धुतल्या नाहीत, किंवा घरात आणखी कोणाला गळवे होत असून त्याच्यावर उपचार झाले नाहीत, तर तो फुकट जाऊ शकतो. नायट्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले असेल तर कडा पुसट होतात आणि फोटो फसवतो. ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो आधी पाठवावा.

कानाचा पडदा आणि छातीतले आवाज फोनवर कळत नाहीत. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल तर दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून पाहिलेच पाहिजेत: एकाच जागी असेल तर श्वासनलिकेतला अडथळा शोधावा, वेगवेगळ्या जागी असेल तर दमा, अन्न श्वासनलिकेत जाणे किंवा प्रतिकारशक्तीची कमतरता.

थंडी वाजून ताप आणि कमरेच्या बाजूला दुखणे, उलट्या, धाप, गुंगी, मान ताठ होणे, दिसते त्याहून कितीतरी जास्त दुखणारी त्वचा, तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप: यांत कॉलची वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. गरोदरपणात आणि पुरुष किंवा लहान मुलांच्या मूत्रसंसर्गातही प्रत्यक्ष तपासणी टाळू नये.

सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे आणि आमच्या व्यवसायबंधूंकडे एक मागणी आहे. वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी वेगळी, लांब वेळ द्यावी आणि रुग्णाला शक्यतो तोच डॉक्टर मिळावा. मागचे कल्चर पाहिल्याशिवाय तेच अँटिबायोटिक तिसऱ्यांदा लिहू नये. आणि प्रिस्क्रिप्शनवर औषधांच्या खाली स्पष्ट लिहून द्यावे: पुढच्या वेळी त्रास सुरू होताच, पहिल्या गोळीआधी, कोणता नमुना कुठे द्यायचा. म्हणजे रात्री-अपरात्री दुसरा डॉक्टर फोनवर आला, तरी त्याच्यापुढे तो कागद धरता येईल.

आपले,
संसर्गजन्य आजारांवर उपचार करणारे दोन डॉक्टर