‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’ म्हणजे बायबलमधली हव्वा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आदाम-हव्वा आणि जनुकशास्त्र यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘सगळी माणसे एकाच स्त्रीची लेकरे, हे विज्ञानाने सिद्ध केले’ हे त्यातले वाक्य आता आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते आहे. त्यावर ‘बायबल खोटे ठरले’ असे उत्तरही फिरते आहे. मी वसईची कॅथलिक, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षणही दिले. ही दोन्ही वाक्ये चूक आहेत, म्हणून हे पत्र.

१९८७ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन यांनी १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागातला डीएनए, तपासला. बहुतेक नमुने बाळंतपणात पडणाऱ्या वारेतून घेतले होते. हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्याचा माग काढत गेल्यावर सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, बहुधा आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत सगळे पोहोचतात. माध्यमांनी तिला ‘ईव्ह’ करून टाकले आणि पुढच्याच जानेवारीत ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर आदाम-हव्वा झळकले.

पण ती बाई एकटी नव्हती. तिच्या काळी हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांच्यातल्या कित्येकींचा अंश आज आपल्यात आहे. माझ्या मावशीला तीन मुलगेच. नातवंडांत तिचे नाक-डोळे उतरले आहेत, तरी तिचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्या तिघांपाशीच थांबला, कारण बाप तो पुढे देत नाही. नुसत्या मुली झालेल्या घराचे आडनाव पुढे जात नाही, म्हणून काही वंश बुडत नाही, तसेच हे. शिवाय हा मान कायमचा नाही. उद्या काही मातृशाखा खुंटल्या, तर ‘ईव्ह’ म्हणून नंतरच्या काळातली दुसरीच कोणी ठरेल. बापाकडून फक्त मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्रावरून काढलेला ‘आदाम’ही तिचा नवरा नव्हे. २०१३ साली एका आफ्रिकन-अमेरिकन माणसात त्या गुणसूत्राची फार जुनी शाखा सापडली आणि त्या आदामाचा काळ आणखी मागे ढकलावा लागला.

मानवजात कधी दोघांवरच आली होती का? एका जोडप्याजवळ कोणत्याही जनुकाच्या जास्तीत जास्त चार निराळ्या प्रती असू शकतात. आजच्या माणसांतली विविधता पाहता, गेल्या काही लाख वर्षांत तरी आपण दोघांवर आलो नव्हतो. हे स्पष्ट सांगायला श्रद्धावंतांनीही कचरू नये.

चर्च याला घाबरले, असे समजणारेही चुकतात. १९५० साली पोप पायस बारावे यांनी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मुभा दिली. मात्र मानवजात अनेक आदिपुरुषांपासून आली हे मत मूळ पापाच्या, म्हणजे आदामाचे पाप सगळ्या मानवजातीत उतरले या शिकवणीशी कसे जुळवायचे ते दिसत नाही, असे बजावले. खरा पेच तिथेच आहे. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक आहे असे म्हटले, पण हा पेच सुटला नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेतले संगणकीय जीवशास्त्रज्ञ जोशुआ स्वामिदास यांनी त्यावर एक वाट सुचवली. वंशावळीतला पूर्वज आणि ज्याचा डीएनए आपल्यात उरला आहे असा पूर्वज, या दोन निराळ्या गोष्टी. दहा-पंधरा पिढ्या मागे गेले की बहुतेक पूर्वजांचा डीएनए आपल्यात शिल्लकच नसतो, तरी ते आपले पूर्वजच. तेव्हा काही हजार वर्षांपूर्वीचे एक जोडपे, एदेन बागेबाहेरच्या माणसांशी सोयरीक होत होत, आज सर्वांचे पूर्वज असू शकते आणि डीएनए त्याला होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. गणित मला पटते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास विचारतात, आदाम-हव्वेचा मुलगा काइन, त्याची बायको कुठली? बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात काइनाला वाटेत भेटणाऱ्यांची भीती वाटते, तो नगरही वसवतो. कोणासाठी? स्वामिदासांच्या मांडणीत याचे उत्तर मिळते.

पण मग बागेबाहेरची ती माणसे कोण? त्यांना आत्मा नव्हता का? इथे मला धास्ती वाटते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लुई अगासीसारख्या नामवंत शास्त्रज्ञाने मानववंश वेगवेगळे निर्माण झाले असे शिकवले आणि गुलामगिरीच्या पाठीराख्यांनी ते उचलून धरले. म्हणून मी त्या बाहेरच्यांना कमी माणूस मानणारी कोणतीही मांडणी स्वीकारणार नाही, मग ती कितीही श्रद्धेच्या नावाने येवो. स्वामिदास स्वतः त्यांना पूर्ण माणूसच मानतात, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याला विनंती एवढीच, की ‘सिद्ध केले’ हे वाक्य दुरुस्त करावे आणि याच पुरवणीत एखाद्या जनुकशास्त्रज्ञाचा व एखाद्या धर्मगुरूंचा लेख शेजारी शेजारी छापावा. आमच्या धर्मग्रामातली दहावी-बारावीची मुले दोन्ही वाचतील, एवढे मी बघते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई