निकालासोबत गुडघ्यांचीही बातमी द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलला आपल्या क्रीडापानावर मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी चार ओळी मिळतात. जागा कमी असते, हे समजते. माझी तक्रार आहे ती त्या ओळींत हटकून येणाऱ्या ‘सनसनाटी’ आणि ‘अनपेक्षित’ या शब्दांबद्दल. मी उभा जन्म शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवला. निवृत्तीनंतर कनेक्टिकटमधल्या भाचीच्या नादाने तिथल्या विद्यापीठाच्या, म्हणजे यूकॉनच्या, संघाचे वेड लागले. आता सामना लावला की आधी बाकावर कुबड्या घेऊन कोण बसले आहे ते बघते, मग गुणफलक.

१९९८ मध्ये एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हार्वर्डने स्टॅनफर्डला ७१-६७ असे हरवले. सोळाव्या मानांकिताने अव्वल मानांकिताला धूळ चारण्याची ही या स्पर्धेतली पहिलीच वेळ, पुरुषांच्या स्पर्धेत तसे घडायला २०१८ उजाडले. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने ३५ गुण केले, तिचे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण स्पर्धेच्या अगदी तोंडावर स्टॅनफर्डच्या व्हनेसा नायगार्ड आणि क्रिस्टिन फोकल या दोघींच्या गुडघ्याचे एसीएल, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारे लिगामेंट, फाटले होते. पाचांतल्या दोघी गेल्या आणि मानांकन मात्र जुनेच राहिले. मग चमत्कार कसला?

आमच्या यूकॉनची कथा तर मालिकेसारखी आहे. पेज बेकर्स पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा गुडघा दुखावला, पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच डाव्या गुडघ्याचे एसीएल फाटले आणि एक अख्खा मोसम बुडाला. त्या मोसमात इतक्या जणी जायबंदी झाल्या, की किमान सात खेळाडू उभ्या करता येईनात म्हणून जानेवारी २०२३ मध्ये एक सामना पुढे ढकलावा लागला. सलग १४ वेळा अंतिम चारांत पोहोचलेला हा संघ त्या वर्षी ओहायो स्टेटकडून सोळांच्या फेरीतच हरला. पुढच्या मोसमात अझी फडचे एसीएल गेले, नंतर ऑब्री ग्रिफिनचे. तरी उरलेल्या मोजक्या मुली अंतिम चारांपर्यंत गेल्या आणि आयोवाकडून ७१-६९ अशा दोन गुणांनी हरल्या. शेवटच्या क्षणी आलियाह एडवर्ड्सवर दिलेल्या फाउलवर अजून वाद चालतो. माझ्या मनात मात्र वेगळाच हिशेब चालू होता: या मुली आज किती मिनिटे खेळल्या?

कारण जायबंदी खेळाडूचे नुकसान तिच्या गुणांपुरते नसते. बदलीला कुणी नाही, म्हणून चांगली खेळाडू जवळजवळ पूर्ण ४० मिनिटे मैदानावर राहते. फाउल होतील या भीतीने ती बचावात हात आखडते. सरावात पाच विरुद्ध पाच होत नाही. तिकडे सरावाला विद्यार्थी मुलगे समोर उभे करतात, ही सोय आपल्याकडे कुणाला सुचली नाही याचे मला नवल वाटते. आणि दमलेले पाय उडी मारून नीट उतरत नाहीत, म्हणजे पुढची दुखापत तिथेच शिजते.

जानेवारी २०२४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने तर कमाल केली. मोसमाची सुरुवात सलग १४ विजयांनी केलेल्या या संघाला खेळाडूच न उरल्याने दोन सामने सोडून द्यावे लागले, मग विद्यापीठातल्या मुलींसाठी खुली निवड चाचणी घेऊन संघ उभा केला!

दुखापतींनी घेरलेला संघ हरतोच असेही नाही. २०१८ मध्ये नोत्र दामच्या चौघींचे एसीएल फाटलेले होते. तरी अंतिम सामन्यात १५ गुणांची पिछाडी भरून त्यांनी मिसिसिपी स्टेटला ६१-५८ असे हरवले, अरिके ओगुनबोवालेच्या शेवटच्या क्षणीच्या बास्केटवर. हे विजेतेपद केवढे मोठे, ते त्या चौघी माहीत असल्याशिवाय कळत नाही.

उलटही सांगते. २०२५ मध्ये ७ एप्रिलच्या मध्यरात्री, आपल्या वेळेप्रमाणे, यूकॉनने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असे लोळवून बारावे विजेतेपद मिळवले. सर्वोत्तम खेळाडू ठरली तीच अझी फड. मी एकटीच घरात टाळ्या वाजवत होते. पण त्या वाटेवर आम्ही ज्या यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) ७८-६४ असे हरवले, त्यांची जुजू वॉटकिन्स दुसऱ्याच फेरीत एसीएल फाटून बाहेर गेली होती. ती असती तर? माझ्या भाचीला हा प्रश्न आवडत नाही.

मुलींना एसीएलच्या दुखापतीचा धोका मुलांच्या दोन ते आठ पट असतो असे सांगतात. बहुतेकदा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना किंवा धावता धावता वळताना गुडघा आत झुकतो, बस्स. मांडीच्या मागचे स्नायू बळकट करणे, गुडघे वाकवून हलके उतरणे अशा पंधरा-वीस मिनिटांच्या वॉर्मअपने हा धोका बराच घटतो. आमच्या काळी मला हे कुणी शिकवले नव्हते. माझ्या संघातली एक चपळ मुलगी लेअप करून, म्हणजे बास्केटजवळ उडी मारून चेंडू टाकून, उतरली आणि खाली बसली. आम्ही बर्फ लावला, घरी हळद लावली, महिन्याने तिला पुन्हा मैदानावर आणले. तो गुडघा पुन्हा धड झाला नाही.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये त्या चार ओळींत एक ओळ एवढी टाका: कोण खेळू शकली नाही, आणि कशामुळे. ‘अनपेक्षित’ हा शब्द काढलात की तेवढी जागा निघेल.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली