छावण्यांचा खर्च कोणी भरला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील, ब्रिटिश वसाहतींमधील सैन्यकपातीवरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास आहे यात शंका नाही. परंतु वसाहतींनी आपल्या संरक्षणाचा भार स्वतः उचलावा असा ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेचा 1862 चा ठराव, तेथील सैन्य परत आणण्याचे युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांचे धोरण, 1870 मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातून आणि 1871 मध्ये क्वेबेकमधून मायदेशी परतलेल्या पलटणी हे सर्व सविस्तर सांगून, वसाहतींना स्वतःच्या पायावर उभे करणारे ते उदार धोरण होते असा निष्कर्ष काढताना संपूर्ण लेखात हिंदुस्थानचे नावही येऊ नये, याचा मला मनस्वी राग आला आणि तो आज सकाळपर्यंत ओसरला नाही, म्हणून हे पत्र.

तो ठराव स्वराज्याचे अधिकार मिळालेल्या वसाहतींपुरता होता. न्यूझीलंडकडे दर सैनिकामागे वर्षाला 40 पौंड मागितले गेले, तेव्हा तेथील पंतप्रधान फ्रेडरिक वेल्ड यांना, तुमचे सैन्य परत न्या, आमचे आम्ही पाहू, असे उत्तर देता आले. सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) तर स्वराज्यही नव्हते, तरी लष्करी खर्चाच्या प्रश्नावर तेथील कायदेमंडळाच्या बिनसरकारी सभासदांनी 1864 मध्ये राजीनामे दिले. आपल्याकडे 1857 नंतर साठ-सत्तर हजार गोरे सैनिक कायमचे ठेवले गेले. त्यांचा पगार, बराकी, निवृत्तिवेतन हे सर्व हिंदी तिजोरीतून जाई. इतकेच नव्हे, तर त्यांची विलायतेत भरती करून त्यांना कवायत शिकवण्यासाठी दरडोई 10 पौंड आणि 1890 पासून साडेसात पौंड लंडनला वेगळे पाठवावे लागत. सैन्य किती असावे, हे ठरवताना येथील करदात्याला कोणी विचारले नाही.

लेखात कौतुक झालेल्या कार्डवेल यांच्या सुधारणांचा दुसरा अर्थही सांगायला हवा होता. 1870 च्या कायद्याने सैनिकाची प्रत्यक्ष नोकरी सहा वर्षांवर आली आणि पुढील सहा वर्षे तो राखीव दलात गेला. म्हणजे त्याला वारंवार बोटीने आणण्या-नेण्याचा वाढीव भार हिंदुस्थानावर पडला आणि तयार झालेला राखीव शिपाई मात्र इंग्लंडच्या संरक्षणासाठी इंग्लंडात राहिला. त्याआधी 1867 मध्ये ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) स्वारीसाठी मुंबईहून फौज निघाली, तेव्हा त्यातील हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानानेच द्यावा असे पार्लमेंटने ठरवले. पुढे पंतप्रधान झालेल्या सॉल्सबरी यांनीदेखील त्या वेळी सभागृहात बजावले होते की, हिंदुस्थान म्हणजे पैसे न मोजता हवे तितके सैन्य उचलण्याची इंग्रजांची पूर्वसमुद्रातील बराक नव्हे. हे त्यांच्याच माणसाचे म्हणणे तरी लेखात यायला हरकत नव्हती.

माझा खरा सल मात्र नामदार गोखल्यांविषयी आहे. हिंदी खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे 1897 च्या एप्रिलमध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या डेक्कन सभा या पुण्यातील राजकीय संस्थेच्या वतीने, जेमतेम तिशीतल्या गोखल्यांनी लंडनला जाऊन साक्ष दिली आणि लष्करी खर्चाचा हा अन्याय आकड्यांनिशी मांडला. दादाभाई नौरोजी त्याच आयोगाचे सभासद होते. बहुमताचा अहवाल पटला नाही म्हणून वेडरबर्न आणि केन या सहसभासदांसह त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला. आणि आपल्याला काय आठवते? त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या शिपायांवर केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने गोखल्यांनी मागितलेली माफी! तिच्यावरून सव्वाशे वर्षांनंतरही पुण्यात वाद रंगतो. ज्या शिपायांनी पेठांमधील घरांत शिरून तपासण्या केल्या, त्यांचा पगार त्याच घरांनी भरलेल्या करातून जात होता आणि त्याच पगाराचा हिशेब गोखले त्या वसंतात लंडनमध्ये मागत होते, ही गोष्ट आमच्या मुलांना कोणी सांगत नाही.

मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यक्रमाविषयीच्या एका बैठकीत, गोखल्यांच्या धड्यात या साक्षीचा एक परिच्छेद तरी असावा, अशी सूचना मी केली होती. जमाखर्चाने मुले कंटाळतात, असे सांगून ती बाजूला ठेवण्यात आली. ते उत्तर मला त्या दिवशी लागले आणि आजही लागते, कारण माझ्या वर्गातील मुले या विषयाने कधीच कंटाळली नव्हती. खडकी, कॅम्प आणि देवळालीचे रस्ते रोज पाहणाऱ्या मुलांना ते कोणाच्या पैशाने उभे राहिले हे जाणून घ्यायचेच असते.

संबंधित लेखकांनी या विषयाची हिंदी बाजू मांडणारा पुढचा लेख लिहावा आणि आपण त्याला तितकीच जागा द्यावी, ही विनंती. शिवाय, कालच्या लेखासोबतच्या सैनिकांच्या छायाचित्राखाली स्थळ, वर्ष किंवा संग्रह यांपैकी काहीही दिलेले नव्हते. आपल्या पुरवणीत हे वारंवार घडते. इतिहासाच्या पानावर तरी ही माहिती छापण्याचा नियम करावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे